शिंगवाल्या सरड्याच्या आधी मुंग्या: टेक्ससमधल्या एका रँचच्या नोंदी

१८ फेब्रुवारी २०२३, शनिवार

वही आजपासून सुरू. जागा मेसन काउंटीत, ऑस्टिनहून साधारण दोन तास, खाली ग्रॅनाइटची भरड वाळू, वर मेस्कीटची काटेरी झाडं आणि निवडुंग, आणि मधोमध एक जुनं शेत ज्यात कधीतरी गुरांसाठी बर्म्युडा गवत लावलेलं ते आता सतरंजीसारखं पसरलंय. मालक सत्तरीच्या पुढचे, आम्ही आपापसात त्यांना रँचवाले आजोबाच म्हणतो. त्यांचं म्हणणं एवढंच की लहानपणी इथे हॉर्नी टोड, म्हणजे हे शिंगवाले सरडे, पायाखाली यायचे, खिशात घालून शाळेत न्यायचो, आणि आता नातवाला दाखवायला एक नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: टेक्सस हॉर्न्ड लिझर्ड म्हणजे हाताच्या तळव्यावर मावेल असा चपटा सरडा, डोक्यावर मागे वळलेली दोन मोठी शिंगं आणि बाजूला छोटी, अंगाच्या कडेने काट्यांच्या दोन झालरी, पाठीवर मधोमध पांढरी रेघ. दिसायला ड्रॅगन, वागायला अगदी गरीब. १९७७ पासून राज्याच्या थ्रेटन्ड, म्हणजे धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत, १९९३ पासून राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी, म्हणजे यादीत गेला आधी आणि मान मिळाला नंतर.

आमचं काम सरडे सोडणं नाही, ते परमिटवाल्यांचं. आमचं काम जागा तयार करणं. टेक्ससची ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी आहे त्यामुळे हा सरडा परत यायचा तर असल्याच कुणाच्यातरी कुंपणाच्या आत यायचा.

१२ मार्च २०२३, रविवार

मुंग्यांचा नकाशा. या सरड्याचं मुख्य जेवण म्हणजे लाल हार्वेस्टर मुंग्या, आपल्याकडच्या मुंगळ्याएवढ्या, बिया गोळा करणाऱ्या. मुंगीत खाण्यासारखं फार काही नसतं, बहुतेक कवचच, म्हणून त्याला ढिगाने खाव्या लागतात आणि त्यासाठी पोटही शरीराच्या मानाने अवाढव्य. त्यांचा डंख जबरदस्त असतो पण याच्या रक्तातच त्या विषावर उतारा आहे, शिवाय गिळताना घशातल्या चिकट स्रावात मुंगीला गुंडाळून टाकतो. म्हणजे कुत्र्याचं खाणं दिलं, झुरळं दिली तर चालेल असा हा प्राणी नाही. पूर्वी टुरिस्ट लोक खोक्यात भरून घरी न्यायचे ते सगळे बहुधा असेच उपाशी मेले.

वारूळ शोधणं सोपं आहे, गवतात मध्येच एक गोल टक्कल दिसतं, त्यावर बारीक खडी, मधे भोक, आणि तिथून बाहेर गेलेल्या पायवाटा. खरोखर पायवाटा, बोटभर रुंद, गवत कुरतडून साफ केलेल्या. आज एका वाटेशेजारी उकिडवी बसून बराच वेळ बघत होते. परतणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी होतं, एक जण स्वतःच्या दुप्पट लांबीचं कुसळ घेऊन दगडाला अडकली, मागे गेली, पुन्हा अडकली, शेवटी दुसरीने टोक धरलं आणि दोघी विरुद्ध दिशेला ओढायला लागल्या. ऑफिसची आठवण झाली, असो.

वाळूच्या बाजूला वारुळं चांगली आहेत. बर्म्युडाच्या शेतात एकही नाही. जिथे उघडी जमीनच नाही तिथे ती मुंगी राहत नाही आणि सरड्यालाही पळता येत नाही, त्याला गवताचे झुबके आणि त्यांच्यामधे मोकळी वाळू लागते. गुरांच्या तळ्याच्या कडेला मात्र फायर अँट्स, म्हणजे बाहेरून आलेल्या मुंग्या, ओलावा बघून बसलेल्या.

२९ एप्रिल २०२३, शनिवार

फायर अँट्सचा दिवस. ही मुंगी इथली नाही, १९३० च्या दशकात अलाबामातल्या मोबाइल नावाच्या बंदरातून दक्षिण अमेरिकेहून आली आणि पसरत पसरत टेक्ससमध्ये घुसली. ती हार्वेस्टर मुंग्यांना हुसकावते, सरड्याची अंडी आणि पिल्लंही सोडत नाही. पण नुसतं तिच्यावर खापर फोडून चालणार नाही, तिला मारायच्या नादात माणसांनी जे केलं त्याने जास्त वाट लागली. १९६० आणि ७० च्या दशकात विमानातून मिरेक्स हे मुंग्यांचं विष टाकायचे, त्यात देशी मुंग्या पण साफ झाल्या, आणि मग रिकामी झालेली जागा सगळ्यात आधी कोणी बळकावली तर परत फायर अँटने. पुढे मिरेक्सवर बंदी आली.

यावरूनच आज आजोबांशी वाद झाला. त्यांनी दुकानातून फायर अँट मारायच्या आमिषाची मोठी पिशवी आणलेली, म्हणाले स्प्रेडरने सगळीकडे फिरवतो, अर्ध्या तासात काम. त्या आमिषात असतं काय तर मक्याची कणी, सोयाबीनचं तेल आणि विष. आता दाणे गोळा करणाऱ्या मुंगीसमोर मक्याची कणी टाकल्यावर ती काय करणार? आनंदाने घरी नेणार. आजोबा थोडे गप्प झाले मग म्हणाले, "हे पिशवीवर लिहिलेलं नाही." नसणारच.

तर ठरलं असं की एकेक वारूळ धरायचं. आधी हॉटडॉगच्या चकत्या ठेवून कुठे फायर अँट येतात ते बघायचं (मी शाकाहारी, कापायचं काम नवऱ्याकडे), त्यावर झेंडे लावायचे, आणि मग प्रत्येक वारुळात दोन-तीन गॅलन कडकडीत पाणी ओतायचं. टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीवाले सांगतात की गरम पाण्याने साधारण ६० टक्के वेळा वारूळ मरतं. म्हणजे बाकीच्यांना पुन्हा. कंटाळवाणं काम आहे, टर्की फ्राय करायचा गॅसचा बर्नर इथे पहिल्यांदा खऱ्या उपयोगाला आला.

२० मे २०२३, शनिवार

आज रँच नाही, कार्न्स सिटीला गेलो, सॅन अँटोनियोच्या आग्नेयेला. ज्याच्यासाठी एवढी उठाठेव तो प्राणी एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून. कार्न्स सिटी आणि शेजारचं केनेडी ही दोन छोटी गावं आणि गावाच्या गल्लीबोळात हे सरडे आरामात राहतात, रानात नाहीत पण घरांच्या मागच्या कच्च्या गल्ल्यांत आहेत. टीसीयू म्हणजे टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचे लोक इथे बरीच वर्षं अभ्यास करतात (त्यांच्या फुटबॉल टीमचं नाव पण हॉर्न्ड फ्रॉग्ज, म्हणजे जबाबदारी आहेच म्हणायची).

आधी लेंडी सापडली. इंचभर लांब, गडद, कोरडी, बोटांत धरून हलकेच दाबली तर तुटते आणि आत नुसती मुंग्यांची डोकी, चकचकीत, राईच्या दाण्यांएवढी, एकावर एक ठासलेली. अभ्यासक या लेंड्यांवरूनच डीएनए काढतात, काय खाल्लं ते शोधतात. इथल्या सरड्यांच्या खाण्यात वाळवी आणि बारीक मुंग्याही भरपूर निघाल्या, म्हणजे हार्वेस्टर कमी असतील तर अगदीच उपाशी मरत नाही. हे आमच्यासाठी महत्त्वाचं आहे, रँचवर वाळवीकडे आम्ही बघितलंच नव्हतं.

मग सरडा. कुंपणाच्या खाली, फूटभर अंतरावर असून आधी दिसलाच नाही. पळाला नाही, अजून चपटा झाला आणि जमिनीत मिसळून गेला. हात लावायला कायद्याने बंदी, आम्ही नुसते बसून राहिलो. थोड्या वेळाने त्याने अंग डावी-उजवीकडे थरथरवलं, वाळू उडून पाठीवर पडली आणि बघता बघता फक्त शिंगं आणि डोळे वर राहिले. डोळ्यांतून रक्ताची पिचकारी मारतो ते आम्हाला दिसलं नाही, ती मुख्यतः कुत्रा-कोल्ह्याच्या जातीसाठी राखीव आहे, रक्ताची चव त्यांना सहन होत नाही. पाऊस पडला की पाठ वर करून उभा राहतो आणि खवल्यांमधल्या बारीक पन्हळींतून पाणी थेट तोंडाच्या कोपऱ्यात येतं, तेही दिसलं नाही कारण पाऊसच नव्हता.

गल्लीतल्या एका बाई बाहेर येऊन म्हणाल्या की पालिकेने गल्ली डांबरी करायचं काढलं तर त्या आडव्या पडतील.

१९ ऑगस्ट २०२३, शनिवार

काही काम नाही. ऑस्टिनला जुलै-ऑगस्टमध्ये सलग चाळीसहून जास्त दिवस पारा १०० फॅरनहाइटच्या वर, विक्रम. रँचवर सकाळी आठनंतर उभं राहता येत नाही. मुंग्या सुद्धा पहाटे आणि संध्याकाळीच बाहेर, दुपारी भोक ओसाड.

गवताचा प्रश्न इथेच अडकलाय. रस्त्याच्या कडेचा पट्टा पूर्ण केआर ब्लूस्टेमने भरलाय, हे बाहेरचं गवत चाऱ्यासाठी आणि हायवेच्या उतारावर माती धरायला म्हणून आणून पेरलं आणि आता ते जाता जात नाही. हिवाळ्यात जाळलं तर त्याला काही फरक पडत नाही, उलट जोमाने येतं. ऑस्टिनच्या वाइल्डफ्लॉवर सेंटरच्या लोकांनी प्रयोग करून दाखवलं की ते वाढीच्या दिवसात, म्हणजे भर उन्हाळ्यात जाळलं तर कमी होतं. आणि भर उन्हाळ्यात काउंटीचा बर्न बॅन, म्हणजे आग लावायला बंदी. आता करा काय करायचं ते.

१८ नोव्हेंबर २०२३, शनिवार

बिया पेरल्या. लिटल ब्लूस्टेम आणि साइडओट्स ग्रामा, दोन्ही इथलेच, झुबक्याने वाढणारे. बर्म्युडाच्या शेताचा एक कोपराच घेतलाय, सगळं एकदम काढायचं तर पैसे कुणाकडे आहेत. आजोबांचा मुलगा शहरातून आलेला, त्याला हे सगळं थेर वाटतं, पण टॅक्सचं सांगितल्यावर कान टवकारले. इथे शेतजमिनीचा कमी टॅक्स तसाच ठेवून गुरांच्या ऐवजी वन्यजीवांसाठी जमीन राखता येते, त्याला सातपैकी किमान तीन कामं करून दाखवावी लागतात, अधिवास सुधारणं, मोजणी, उपद्रवी प्राण्यांचं नियंत्रण वगैरे. म्हणजे आमची ही वही, झेंड्यांचे फोटो, मुंग्यांचे आकडे, सगळं आजोबांच्या टॅक्सच्या फाइलला जोडायचा पुरावा झाला. प्रेमापेक्षा हे जास्त टिकेल असं मला वाटतं.

२९ डिसेंबर २०२३, शुक्रवार

ॲबिलीनला मैत्रिणीकडे जाताना वाटेत ईस्टलंड लागतं. तिथल्या कोर्टहाउसमध्ये ओल्ड रिप आहे, छोट्याशा शवपेटीत मखमलीवर ठेवलेला हॉर्न्ड लिझर्ड. गोष्ट अशी की १८९७ मध्ये कोर्टाच्या कोनशिलेत एक सरडा ठेवला आणि १९२८ च्या फेब्रुवारीत जुनी इमारत पाडताना हजारोंच्या गर्दीसमोर तो बाहेर काढला तर पाय हलवायला लागला! ३१ वर्षांनी! मग देशभर दौरा, प्रेसिडेंट कूलिजची भेट, आणि पुढच्या जानेवारीत न्यूमोनियाने वारला. आता हा सरडा तीस वर्षं बिनअन्नपाण्याचा जगत नाही हे कुणालाही कळतं, कुणीतरी हातचलाखी केली असणार. मैत्रीण म्हणाली, "अगं आपल्याकडे असता तर समाधी बांधली असती." इथेही तेच केलंय की.

पण मला त्या गोष्टीत वेगळंच वाटत राहिलं. त्या काळी सरडा ठेवायचा म्हटल्यावर मिळवायला काहीच कष्ट नव्हते, आणि बदलायचा म्हटलं असेल तरी दुसरा दारातच असणार. आज फोर्ट वर्थ, ऑस्टिन, सॅन अँटोनियो या ओळीच्या पूर्वेला तो जवळजवळ संपलाय.

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार

वाळूच्या बाजूचा जुना गवताचा थर जाळला. हा केआरवाला पट्टा नाही, इथे देशी गवतच आहे पण वर्षानुवर्षांचं वाळलेलं खाली साचून जमीन झाकली गेलेली. आसपासच्या जमीनमालकांचा एक गट आहे, एकमेकांच्या शेतावर जाळायला जातात, ते आले, कडेने पट्टे नांगरून ठेवलेले, वारा आणि हवेतली आर्द्रता मोजून मगच ड्रिप टॉर्च (पेटतं इंधन ठिबकवणारी मशाल) पेटवली. दुपारपर्यंत सगळं काळं. मला वाटलं वारुळं भाजली, पण संध्याकाळी ऊन उतरताना काही जणी बाहेर येऊन राखेतून फिरत होत्या, वारुळाच्या टकलावर जळायला काही नसतंच ना.

१६ मार्च २०२४, शनिवार

राखेतून हिरवं आलंय, झुबक्यांमधली वाळू उघडी दिसते, हवं तसं. पण गटातले लोक आता जाळायचं नाव काढत नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी पॅनहँडलमध्ये, म्हणजे टेक्ससच्या उत्तर टोकाला, स्मोकहाउस क्रीकचा वणवा लागला, दहा लाख एकरांच्या वर गेलं, राज्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. त्यांची भीती समजते. उन्हाळी बर्नचं मात्र अवघड झालं.

८ एप्रिल २०२४, सोमवार

खग्रास सूर्यग्रहण नेमकं मेसनवरून. सुट्टी काढली, सगळे रँचवर, आजोबांचे नातेवाईक, आमचे ऑस्टिनचे मित्र, पोहे, चहा, कुणी साबुदाणा वडे आणलेले. आणि वर ढग. अंधार झाला, ओरडाआरडा झाला, सूर्य फटीतून जेमतेम दिसला. एवढ्या लोकांना एका जागी बसायला सांगायचं तर सगळ्या खुर्च्या बर्म्युडाच्या शेतात मांडल्या, वारुळांकडे कुणालाच फिरकू दिलं नाही, तरी एका काकांनी चप्पल घालून जायचं ते गेलेच आणि डंख घेऊन आले. दोन तास पाय ठणकत होता. आता त्यांना हार्वेस्टर मुंगी कोणती हे कधी विचारा.

यातून फायदा एवढा की तीन-चार जणांनी गाडीला सरड्याच्या चित्राची नंबरप्लेट घ्यायचं कबूल केलं. वर्षाला ३० डॉलर, त्यातले २२ वन्यजीवांच्या कामाला जातात.

२२ जून २०२४, शनिवार

मोजणी. वाळूच्या बाजूला नवीन छोटी वारुळं दिसतायत, जाळलेल्या भागात जास्त. पेरलेल्या कोपऱ्यात अजून नाही. घाई करून उपयोग नाही, राणी मुंगी पंधरा-वीस वर्षं जगते पण वसाहत मोठी होऊन पुढच्या राण्या उडवायला पाच-एक वर्षं जातात. सरड्याचा पुनर्वसन प्रकल्प मुंगीच्या कॅलेंडरवर चालतो.

भावाशी व्हॉट्सॲपवर बोलताना चाळकेवाडीचा विषय निघाला, आमचं घर साताऱ्याचं. तिथे पठारावर पवनचक्क्या लागल्यावर शिकारी पक्षी कमी झाले आणि त्या रंगीत गळ्याच्या सरड्यांची, सराडा सुपर्बाची, संख्या वाढली, २०१८ मध्ये त्यावर पेपर आला. सरडे घाबरेनासे झाले, माणूस जवळ गेला तरी उशिरा पळतात. भाऊ म्हणाला मग तुमच्याकडे पण चार पवनचक्क्या लावा. विनोद ठीक आहे, पण नुसता आकडा वाढला की त्याला सावरणं म्हणता येत नाही हे तिथे दिसतं. इथे उलटं, ससाणा, रोडरनर पक्षी, साप सगळे आहेत, ते खाणारच, आणि तरी सरडा पुरला पाहिजे.

मेसन माउंटन हे राज्याचं वन्यजीव क्षेत्र इथून जवळच. तिथे आधी दुसरीकडचे मोठे सरडे आणून सोडले, बरेच शिकारी प्राण्यांनी खाल्ले. मग फोर्ट वर्थ झूमध्ये जन्मलेली पिल्लं सोडायला लागले, नाण्याएवढी, शेकड्यांनी, त्यातली बहुतेक मरणार हे धरूनच, कारण निसर्गात तरी दुसरं काय होतं, मादी एका वेळी वीस-तीस अंडी उगीच घालत नाही. २०२१ मध्ये त्यांनी २०४ पिल्लं सोडली, पण खरी बातमी ती नव्हती. त्याच वर्षी तिथे अशी १८ पिल्लं सापडली जी कुणी सोडलेली नव्हती, म्हणजे झूच्या पिल्लांनी मोठं होऊन रानात घातलेल्या अंड्यांतली. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात तो १८ चा आकडा बसलाय, २०४ कुणाला आठवत नाही.

७ सप्टेंबर २०२४, शनिवार

पिल्लं सोडणाऱ्यांपैकी एका टीमचे दोघे जागा बघायला येऊन गेले. पूर्ण दिवस फिरले, वारुळं बघितली, वाळवी बघायला शेणाच्या गोवऱ्या उलट्या केल्या, मातीत बोट घालून बघितलं की पुरून घेता येईल का. वाळूची बाजू पसंत. अडचण दोन: एक, जागा लहान, शेजारच्या रँचचा मालक तयार झाला तरच सलग तुकडा होतो. दोन, केआरचा पट्टा, तो वाळूकडे सरकतोय. यंदा पिल्लं नाहीत, पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाले. आजोबांचं तोंड पडलं, म्हणाले "माझ्याकडे किती पुढची वर्षं आहेत?" त्यांच्या बायकोने लगेच सुनावलं की गुडघ्याचं ऑपरेशन टाळलं नाही तर बरीच आहेत.

शेजाऱ्याकडे आजोबा स्वतः जाणार, आम्ही नाही. आम्ही गेलो तर शहरातले लोक आले सांगायला, असं होतं. टॅक्सची फाइल बरोबर नेणार आहेत.

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

आठवड्यात पाऊस झाला, बर्न बॅन उठला, गवत अजून हिरवं आहे म्हणजे वेळ बरोबर आहे. गटातल्या तिघांनी हो म्हटलंय, बाकीचे नाही. केआरचा पट्टा छोटाच आहे, रस्त्याच्या बाजूने नांगरून ठेवलाय. पुढच्या शनिवारी वारा ताशी दहा मैलांच्या आत राहिला तर जाळायचं. डिझेल-पेट्रोलचं मिश्रण आजोबा आणतील, पाण्याची टाकी आणि पंप आमच्याकडे, शेरीफच्या ऑफिसला आदल्या दिवशी फोन मी करायचा. तळ्याकाठच्या फायर अँट्सना पावसाने पुन्हा जोर आलाय, तेव्हा बर्नर पण बरोबर घ्यायचा.